फोटोत आलेला अंगठा

मावशी, रांजण भरले.

लक्ष्मीवहिनीने भरले. हे आधी सांगते, कारण दुसरं काही ऐकून घ्यायच्या आधी तू हेच विचारलं असतंस. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती तलासरीच्या स्टँडवर आली, भाजीची पाटी उतरवली, शेजारच्या तुझ्या रिकाम्या जागेकडे तिने बघितलंच नाही. कळशी घेऊन सरळ मागच्या हापशावर गेली. सहा खेपा केल्या. दोन्ही रांजण काठापर्यंत भरले, वर ताटल्या झाकल्या, साखळीचा पेला धुतला. मग पाटीजवळ येऊन बसली आणि रडली. तिनेच मला फोनवर सांगितलं. म्हणाली, "आधी रडले असते ना सुमे, तर पाणी राहिलं असतं."

म्हणजे तिकडची काळजी तू करू नकोस. काळजी करायला मी आहे. ते खातं तू मला कायमचं देऊन टाकलं होतंस. "काळजी करायची तर हिने, आपण खुशाल झोपायचं," असं येईल त्याला सांगायचीस.

आता झालं ते.

मंगळवारी माझी सहा ते दोनची पाळी होती. इथे वेरावळला कोळंबीच्या कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, बाहेरच्या पेटीत कुलूप लावून ठेवावा लागतो. "मंग आत तुला काय झालं तर?" असं तूच विचारलं होतंस. मावशी, आत मला काही झालं नाही. दोन वाजता हातमोजे काढले, बोटं गार पडलेली, पेटी उघडली तर लक्ष्मीवहिनीचे अकरा फोन. अकरा फोन बघितल्यावर माणूस उभ्या उभ्या किती जणांना मारून टाकतं! बाबा, आई, भावाची मोटरसायकल. सगळे झाले. त्यात तू नव्हतीस. खरं सांगते, तुझं नाव मनात आलंसुद्धा नाही. तुला काही होऊ शकतं हे मी कधी धरलंच नव्हतं.

वहिनी म्हणाली, "आधी खाली बस." मी उभीच राहिले.

"मावशी सकाळी जीपमधून उतरली, टोपली ठेवली, बोलली घाम येतोय गं. मी पाणी दिलं. पेला हातात होता तिच्या. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं सगळं."

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "नाही वहिनी. काल तिची भेट आलीय मला."

जसा काही नियमच आहे, की काल ज्याने भेट पाठवली तो माणूस आज मरत नाही. मला नियमांचं वेड, तुला ठाऊक आहे. त्या वेडाचंच तर सगळं सांगायचं आहे. आणि ती भेट, मावशी, ती अजून माझ्या फोनमध्ये तशीच पडलेली आहे. उघडली नाही. हे लिहिताना फोन उशीखाली आहे आणि मी उशीवर कोपर टेकून बसले आहे, तो पळून जाईल तशी.

तुला तो पहिला दिवस आठवतो? डहाणूत रिचार्जच्या दुकानात मी कामाला लागून दोन महिने झाले होते. नववीत गणिताला दोनदा बसले, दोनदा पडले, तिसऱ्यांदा शाळेकडे फिरकलेच नाही. दुकानात कोणी फॉर्म भरून मागितला की मी मालकांना पुढे करायची. पेन हातात घ्यायचीच भीती बसली होती. आणि तू आलीस, धाकट्या डहाणूहून चालत, डोक्यावर सुक्या मासळीची टोपली, कमरेला मोबाईल. जावयाने त्याचा जुना फोन तुला दिला होता आणि त्यात त्याचा एक खेळ राहून गेला होता.

"हा काढून टाक गं. नेट खातो मेला."

काढायच्या आधी मी तो उघडला तर पडद्यावर एक अंडं हललं, फुटलं, आतून निळं पिल्लू बाहेर आलं. मी तुला समजावलं, की या खेळात आपण जेवढं चालू तेवढं अंडं उबतं. तू घरापासून इथवर चालत आलीस म्हणून ते फुटलं.

तू टोपली खाली ठेवलीस. "म्हंजे मी चालते ते याला कळतं?"

"हो."

"तीस वर्षं चालते. नवऱ्याला नाय कळलं, जावयाला नाय कळलं. राहू दे मंग. खाऊ दे नेट."

पुढे तुझी अंडी आख्ख्या डहाणूत सगळ्यांत जास्त फुटायची. कॉलेजची पोरं दुकानात येऊन विचारायची, ही एवढं चालणारी कोण आहे? मी सांगायची, ती काय बोंबील विकतेय. त्यांना थट्टा वाटायची.

डहाणू गावात नकाशावर बरीच ठिकाणं होती. बागेचं दार, पुतळा, देवळं. तिथे पोचलं की त्या जागेचं एक पोस्टकार्ड मिळायचं, ते खेळातल्या मैत्रिणीला भेट म्हणून पाठवायचं. पण रोज सकाळी जीपने तू तलासरीला विकायला गेलीस की नकाशा कोरा. नुसता हिरवा. तू रागाने फोन माझ्यापुढे धरलास, "एवढा बाजार भरतो, आन् याला तिथं माणूस दिसत नाय?"

मी सांगितलं, की ठिकाणं खेळणारेच सुचवतात. चार लोकांच्या उपयोगाची जागा पाहिजे, जिथे कोणीही चालत जाऊ शकेल अशी. फोटो काढायचा, नाव द्यायचं, माहिती लिहायची. मग दुसरे खेळणारे, कुठले कुठले, आपल्याला न ओळखणारे, ती बघून घ्यायची की नाही ते ठरवतात.

"लिही मंग," तू म्हणालीस.

"मी?"

"नाय, मी खांबाशी बोलते."

पहिलं ठिकाण आमच्या पाड्यावरचा हापसा. त्यासाठी तू तलासरीहून आमच्या पाड्यापर्यंत आलीस. फोटो तूच काढणार म्हणालीस. कोपऱ्यात तुझा अंगठा आला. पुन्हा काढलास, पुन्हा अंगठा. तिसऱ्यांदाही अंगठा. आई हसून हसून कळशी खाली ठेवून बसली. शेवटी फोटो मी काढला, आणि माहिती लिहायची म्हणून दारात पाऊण तास बसून राहिले. लिहायची, पुसायची.  तू शेंगा खात बसलीस. शेवटी मी लिहिलं, "इथे पाण्याला आलेल्या कुणालाही नाही म्हणत नाहीत."

शाळा सोडल्यानंतर मी लिहिलेलं ते पहिलं वाक्य. तू ते मला दोनदा वाचायला लावलंस. परत जाताना वाटेत तोंडातल्या तोंडात म्हणत होतीस, पाठ करत असल्यासारखी.

तीन आठवड्यांनी हापसा नकाशावर आला. तू स्टँडभर सांगत सुटलीस, "पोरीने लिवलं ते पास झालं." पास. माझ्या नावापुढे तो शब्द त्याआधी कोणी लावलाच नव्हता. लक्ष्मीवहिनीने त्या दिवशी मला एक काकडी दिली, बक्षीस म्हणून.

मग आपण थांबलोच नाही. नरपडच्या किनाऱ्यावरचा बाक. गंजाडच्या रस्त्यावरचा थांबा, ज्यात पावसात शेळ्या आणि माणसं एकत्र उभी राहतात. तुमच्या धाकट्या डहाणूतली ती शेड, जिच्यात बसून जाळी दुरुस्त करतात. तुझी ओटी मात्र मी टाकू दिली नाही.

"माझ्या ओटीवर आख्खा गाव बसतो!"

"घर खाजगी असतं मावशी. नियम आहे."

"कोणाच्या घरातला नियम हाय हा? माझ्या घरात नाय."

बाक, थांबा, शेड, हापसा. ज्या गोष्टी कोणाच्या एकट्याच्या नसतात त्यांच्याबद्दल लिहायला तू मला शिकवलंस. लिहितालिहिता माझी पेनची भीती गेली, आणि दुकानातले फॉर्म मी भरायला लागले. पुढे तुझ्या नणंदेच्या ओळखीने इथली नोकरी निघाली. बाबा नको म्हणत होते, तेव्हा तू आमच्या दारात बसून त्यांना म्हणालीस, "तिकडं पण तोच समुद्र हाय. पोरगी काय परदेशात नाय चालली." त्या नोकरीचा अर्ज मी स्वतः लिहिला होता. हे सगळं एका हापशापासून सुरू झालं. मी कधी हे तुला बोलून दाखवलं नाही. वाटायचं, दिवाळीला गेलं की बोलू.

इथे आल्यावर मी एक परीक्षा दिली. खेळातलीच. ती पास झालं की दुसऱ्यांनी सुचवलेली ठिकाणं आपल्याला तपासता येतात. मी पास झाले, पहिल्या फटक्यात. तू म्हणालीस, "आता तू मास्तरीण. आमच्यावर छडी उगारू नको म्हंजे झालं." मी हसले. आणि मग छडीच उगारली.

तपासायला मी आपलाच भाग निवडला होता, तेवढंच घरी गेल्यासारखं वाटायचं. एक दिवस समोर आपला तलासरी स्टँड आला. झाडाखाली लाकडी स्टूल, त्यावर दोन रांजण. तुझेच, तू रोज भरायचीस ते. मी ओळखले. पण माहितीचं लिखाण बोलून टाईप केल्यासारखं होतं, मोडकंतोडकं, आणि मला वाटलं मावशीची ठिकाणं तर माझ्याच हातून जातात, हे दुसऱ्या कोणीतरी टाकलंय. नियमात बसत नव्हतं. स्टुलावरचा रांजण उचलून कुठेही नेता येतो, म्हणजे तात्पुरती वस्तू. मी नाही म्हटलं. वर कारणही निवडलं. माझे निर्णय बरोबर येतात याचा मला फार अभिमान होता.

काही दिवसांनी फोनवर मीच तुला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "मावशी, कोणीतरी आपले रांजण टाकले होते. मी नापास केले."

 तू विचारलंस, "कोपऱ्यात अंगठा आला होता काय गं?"

"हो! तुला कसं कळलं?"

"माझाच होता."

त्या वेळी जमीन दुभंगावी असं मला वाटलं. तू दहा दिवस लपूनछपून, फोनशी बोलून बोलून ते लिहिलं होतंस, मला चकित करायला. मी चुकले म्हणायचं सोडून मी काय केलं? नियम समजावला. एकट्या माझ्या नाहीने काही होत नाही, बऱ्याच जणांचं मत घेतात, रांजण हलतो, तो कायमचा नाही. तू ऐकून घेतलंस, आणि मग पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलास.

"हलतो म्हणून कायमचा नाय? पाणी रोज नवं, रांजण दर दोन वर्षांनी नवा, पण तहान लागली की माणूस डोळे मिटून तिथंच येतो का नाय? मी पण हलते. रोज धाकट्या डहाणूहून तलासरीला हलते. मंग मी पण तात्पुरती. टाक मला पण काढून."

आणि फोन ठेवलास.

ते भांडण तिथेच राहिलं मावशी. त्या दिवसानंतर मी ठिकाणं तपासायला बसले नाही. तुला रोज इथलं पोस्टकार्ड पाठवत राहिले, बंदराजवळचा घड्याळाचा खांब, रोज तोच खांब, कारण वसतिगृहापासून तेवढंच जवळ आहे. तू एकही उघडलं नाहीस. समोरच्याने भेट उघडली की नाही ते खेळात दिसतं. सव्वा महिना. फोन केला तर "गिऱ्हाईक हाय," म्हणून ठेवायचीस.

आणि सोमवारी तुझी भेट आली.

पाळी संपल्यावर बघितली. पाकिटावर तुझं नाव, आत काय ते उघडल्याशिवाय दिसत नाही. मला इतका आनंद झाला की राग आला. वाटलं, सव्वा महिना मला वाट बघायला लावलीस, आता एक दिवस तूही बघ. मंगळवारी उघडीन. तुला दिसेल ना, अजून उघडली नाही म्हणून. कळू दे कसं वाटतं.

एकच दिवस गं मावशी. मी एकच दिवस म्हटलं होतं.

वहिनीला मी हे सांगितलं. मला कोणाला तरी सांगायचंच होतं.  ती म्हणाली, तू मंगळवारी जीपमधून उतरल्यावर फोनच बघत होतीस. तिने विचारलं काय बघतेस, तर म्हणालीस, "उघडलं नाय अजून पोरीने. रागावलीय." आणि हसलीस. "रागाला काय, तो बोंबील थोडाच हाय, सुकवून ठेवला की टिकायला. उघडेल." मग टोपली ठेवलीस. मग घाम.

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. तू हसत होतीस. पण मला ते सहन होत नाही. मी खेळात जाऊन पुन्हा पुन्हा तुझं नाव बघते. अजून आहे. तुझी पातळी, तू चाललेले किलोमीटर, सगळं जिथल्या तिथे. एक अंडं अर्धं उबलेलं असेल तुझ्याकडे. त्याला कसं कळणार?

वहिनी म्हणाली, रडत बसण्यापेक्षा तुला लिहायला येतं तर लिहून काढ. म्हणून लिहिते आहे. आणि मला माहीत आहे, उघडलं नाही तर हे लिखाण पुरं होणार नाही. पण उघडलं की तुझ्याकडून येणारं सगळं संपलं. आत्ता निदान एक यायचं बाकी आहे. असं किती दिवस ठेवता येईल? वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "पत्र आलं तर वाचतात, बाई. पूजेला लावत नाहीत."

उघडलं.

मावशी, फोटोत अंगठा आहे. उजव्या कोपऱ्यात, भला मोठा, नखाजवळ माशाच्या काट्याने चिरलेला.

बाकीच्या फोटोत आपलं झाड, लक्ष्मीवहिनीच्या भाजीच्या पाटीची कड, आणि मध्ये सिमेंटचा ओटा. पक्का, घोटून गुळगुळीत केलेला. त्यात दोन खळगे, आणि खळग्यांत दोन रांजण बसवलेले. साखळीचा पेला ओट्यातच पुरलेल्या कडीला. नाव दिलंस, "तलासरी स्टँडचं पाणी." आणि खाली माहितीत एकच ओळ. इतकी शुद्ध, की तू कोणाकडून तरी तपासून घेतली असणार.

"इथे पाण्याला आलेल्या कुणालाही नाही म्हणत नाहीत."

मी वहिनीला फोन लावला. "ओटा" एवढंच म्हटलं, पुढचं तिनेच ओळखलं. म्हणाली, "मी तुला सांगणार नव्हते, तिने शपथ घातली होती, पोरीला तिथूनच भेट जाऊ दे बोलली." ओटा वहिनीच्या घरच्यांनी बांधला, ते गवंडी आहेत, दोन दुपारी खपून. तू बाजूला उभी राहून त्यांना सांगत होतीस, "हलता कामा नये भाऊ. आमची मास्तरीण फार कडक हाय." आणि ओळ तपासून दिली ती वहिनीने, तिच्या लेकीच्या पुस्तकातली अक्षरं बघून बघून. तुला ती पाठ होती. पहिल्या दिवसापासून.

म्हणजे तू सव्वा महिना रागात नव्हतीस. तू कामात होतीस.

ठिकाण पास झालं मावशी. कुठल्या कुठल्या लोकांनी हो म्हटलं. तुला न ओळखणाऱ्यांनी. आणि ते वाक्य ज्या मुलीने लिहिलं होतं, तिने तेवढं पहिल्या वेळी नाही म्हटलं होतं. तू ते मला ओरडून परत केलं नाहीस, माझ्याच शब्दांत परत पाठवलंस. आता याला मी काय उत्तर देऊ? भांडण तू जिंकलीस म्हणू तर तू माझा नियम पाळलास. मी जिंकले म्हणू तर ओटा हलत नाही हे खरं, पण ओट्यात पाणी आपोआप येत नाही. तू हलत होतीस म्हणून ते पाणी तिथे होतं. तुझंच बरोबर होतं. हे मला सोमवारी म्हणता आलं असतं.

आता नकाशावर ते ठिकाण आहे. उद्या कोणीतरी फोन बघत तिथे येईल, तहानलेला, आणि ताटली उचलून बघेल. आत पाणी नसलं तर ती ओळ खोटी ठरेल. तुझी आणि माझी, दोघींची. काल भेट उघडल्यापासून मला याचीच धास्ती होती. म्हणून आज पुन्हा वहिनीला विचारलं, आणि ती जरा चिडूनच म्हणाली, "भरले गं! रोज भरणार. तू तिकडं कोळंबी सोल."

भाजी उतरवायची, गिऱ्हाईक बघायचं, आणि त्यावर रोज सहा खेपा. तिने कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही, कळशी उचलली. तू गेल्यावर माझं ते वाक्य खरं ठेवलं ते तिने.

मावशी, तुझं फेडायला तू उरली नाहीस. लक्ष्मीवहिनी आहे. मला सलग सुट्टी मिळेल त्या उन्हाळ्यात मी घरी येईन, आणि तो आख्खा उन्हाळा कळशी तिच्या हाताला लागू देणार नाही. सहाच्या सहा खेपा माझ्या. तिने तुझ्या जागेवर सावलीत बसायचं, आणि पहिला पेला तिने प्यायचा. हे मी इथे लिहून ठेवते आहे, तू शिकवलंस तसं. खोडणार नाही.